देवघेवीच्या टेबलाशी आधी बोल

बी.कॉम. झालीस, आता नोकरी बघायची म्हणतेस, आणि रोज सकाळी वाचनालयाच्या अभ्यासिकेत जाऊन बसतेस, असं ताई सांगत होती. चांगलं आहे. पण वाचनालयात बसणं निराळं आणि वाचनालय वापरणं निराळं. माझी सगळी नोकरी तालुक्याच्या वाचनालयात गेली, म्हणून हे हक्कानं सांगतो. अभ्यासिकेत येणारी बहुतेक मुलं आपापली पुस्तकं पिशवीतून आणतात, खुर्ची आणि पंखा वापरतात आणि संध्याकाळी निघून जातात. शेजारच्या खोलीत त्यांच्यासाठीच मागवलेली पुस्तकं कपाटात तशीच राहतात. ग्रंथपालाशी तर महिनोन्‌महिने एक शब्द बोलत नाहीत.

तेव्हा पहिली गोष्ट ही. देवघेवीच्या टेबलावर जे कुणी असतील त्यांना जाऊन सरळ सांग, मी अमुक शिकलेय, नोकरी शोधतेय, मला अशा अशा प्रकारचं काम चालेल. लाजू नकोस. शिकून घरी बसलोय हे बोलायला मुलांना फार जड जातं, ते मी पुष्कळ पाहिलंय. एखादा मुलगा टेबलाजवळ यायचा, उगाच तारखेचा शिक्का बघायचा आणि परत फिरायचा. पण तू बोललीच नाहीस तर समोरच्याला कळणार कसं? वाचनालयात गावातले शिक्षक येतात, पतसंस्थेचे व्यवस्थापक येतात, निवृत्त अधिकारी पेपर वाचायला येतात, डॉक्टर दिवाळी अंक न्यायला येतात. "आमच्याकडे हिशेब लिहायला कुणी चांगली मुलगी मिळेल का हो?" असं त्या टेबलावर नेहमी विचारलं जायचं. जिचं शिक्षण मला ठाऊक असायचं तिचं नाव मी सांगायचो. जिनं कधी तोंड उघडलं नव्हतं ती तेव्हा पलीकडच्या खोलीतच बसलेली असायची.

आणि मागायचं ते नेमकं माग. "नोकरीची पुस्तकं आहेत का?" या प्रश्नाला कुणीही एका कपाटाकडे बोट दाखवील. त्यापेक्षा "कर सहायकाच्या जुन्या प्रश्नपत्रिका", "जीएसटीवर सोपं मराठी पुस्तक", "इंग्रजी अर्जाचे नमुने" असं विचार. तुमच्याकडे पुस्तकं दशांश पद्धतीनं लावली असतील तर कण्यावरचे आकडे बघायला शीक. ६५७ हे हिशेबशास्त्र, ३३१ म्हणजे श्रम आणि रोजगार, आणि अर्ज-मुलाखतीची पुस्तकं ६५०.१४ वर. हवं ते पुस्तक नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिही, लेखक आणि प्रकाशक यांच्यासकट. आपल्या राज्यात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं आणि त्यातून पुस्तकखरेदी होते. खरेदीच्या वेळी ग्रंथपालानं कार्यकारी मंडळापुढे ठेवायचं काय? तुमच्या मागण्याच ना. तालुक्याला नाहीच मिळालं तर जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय जिल्हा ग्रंथालय आहे, एक फेरी तिकडे मार.

वर्तमानपत्रांच्या खोलीला, म्हणजे मुक्तद्वार विभागाला, वर्गणी लागत नाही, आणि नोकरी शोधणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ घालवायचा तो तिथंच. मोबाइलवर जाहिराती येतात हे मला मान्य आहे. पण मोबाइलवर मोठ्या भरत्या येतात, ज्यांना लाखांनी अर्ज पडतात. लहान जागा जिल्ह्याच्या पेपरात आतल्या पानावर असतात. शाळा-कॉलेजांच्या जाहिराती उन्हाळ्यापासून सुरू होतात, तासिका तत्त्वावरच्या जागा जून-जुलैत. साखर कारखान्यांच्या जागा गाळप सुरू व्हायच्या आधी, म्हणजे पावसाळा सरता सरता. जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाची 'थेट मुलाखत' तर कधी कधी चार-आठ दिवसांच्या मुदतीनं येते. म्हणून पेपर रोज बघायचा, आणि एक नव्हे, खोलीत येतात ते सगळे.

आता एक गोष्ट सांगतो जी फारशी कुणी करत नाही. जाहीर निविदांचं पान वाच. नगरपरिषद 'मनुष्यबळ पुरवठा' अशी निविदा काढते तेव्हा समज की थोड्या दिवसांनी कुठल्या तरी ठेकेदाराला संगणक चालवणारी, लिपिकाचं काम जाणणारी माणसं लागणार आहेत. नव्या रुग्णालयाच्या फर्निचरची निविदा निघाली की इमारत संपत आली, पुढे माणसं लागणार. बँकेची 'शाखेसाठी जागा भाड्याने पाहिजे' ही चार ओळींची सूचनाही तेच सांगते. जाहिरात निघाल्यावर सगळेच धावतात. तुला आधी कळलं तर तेवढ्या वेळात टायपिंगची परीक्षा देऊन होते.

शनिवारी निघणारं 'रोजगार समाचार' हे केंद्र सरकारचं साप्ताहिक. १९७६ पासून चालू आहे, इंग्रजीतही निघतं. वाचनालयात ते टपालानं दोन-चार दिवस उशिरा पोचतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. त्याचा खरा उपयोग जुन्या अंकांत आहे. गेल्या वर्षाचा गठ्ठा माग आणि वहीत बारा महिन्यांचे रकाने पाड. बँकांची जाहिरात कोणत्या महिन्यात आली, विमा कंपन्यांची कधी, रेल्वेची कधी, ते लिहीत जा. दोन वर्षांचे गठ्ठे चाळलेस की कुठल्या भरत्या दरवर्षी येतात आणि कुठल्या कधीतरीच, ते डोळ्यांसमोर येतं. तारखा मागेपुढे होतात, पण अभ्यासाची आखणी करायला एवढं पुरतं. क्लासवाले हेच वेळापत्रक सांगायला पैसे घेतात.

जाहिरात मिळाली की ती वाचायची कशी, इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हुशार मुलंसुद्धा इथंच चुकतात. पेपरातली जाहिरात बहुतेक वेळा संक्षिप्त असते. खाली बारीक अक्षरात संकेतस्थळ दिलेलं असतं, सविस्तर जाहिरात तिथं असते. ती वाचनालयाच्या संगणकावर उघड, छापून घे आणि हातात पेन्सिल घेऊन बस. आधी जाहिरात क्रमांक वहीत उतरव, पुढचं सगळं त्यावर चालतं. मग वय. राज्याच्या नोकऱ्यांत साधारणपणे खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ ही वरची मर्यादा असते, पण ते वय कोणत्या तारखेला मोजायचं ती तारीख जाहिरातीत दिलेली असते. तिच्याखाली रेघ ओढ. मग शैक्षणिक अर्हता. निकाल अमुक तारखेपर्यंत हातात हवा, असं म्हटलं असेल तर 'निकाल लागायचाय' ही सबब चालत नाही. टंकलेखनाचं मराठी ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र, एमएस-सीआयटी, यांतलं कुठल्या पदाला काय लागतं ते बघ. तुझं इंग्रजी ४० झालंय, मराठी ३० राहिलंय ना? कर सहायकासारख्या पदाला दोन्ही मागतात. ते या सहा महिन्यांत उरकून टाक.

पुढे पदांचा तक्ता येतो, आडव्या-उभ्या रकान्यांचा, आणि तो बघून मुलं पान उलटतात. उलटू नकोस. प्रवर्गाच्या रकान्याखाली समांतर आरक्षण दिलेलं असतं. महिलांना ३० टक्के, खेळाडूंना ५ टक्के, प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के, असं. धरणात जमीन गेलेली कितीतरी घरं आपल्या भागात आहेत आणि नातवंडांना दाखल्याची गोष्टच माहीत नसते. आजोबांच्या ट्रंकेतले कागद एकदा काढून बघा, दाखला असेल तर तो कुणाच्या नावावर वापरायचा ते घरात बसून ठरवा. शाळेत असताना तू राज्य पातळीवर खो-खो खेळलीस, ते प्रमाणपत्र आरक्षणाला चालतं का, याची पडताळणी क्रीडा विभागाकडून करून घ्यावी लागते आणि तिला वेळ लागतो. हे काम जाहिरात यायच्या आधी करायचं. नॉन-क्रीमिलेयर दाखल्यावर मुदत छापलेली असते, तीही आत्ताच बघून ठेव.

आणि अर्ज भरला की विसरून जायचं नाही. शुद्धिपत्रक नावाचा कागद नंतर निघतो. पदं वाढतात, तारखा बदलतात, एखादी अट सुधारली जाते. आठवड्यातून एकदा ते संकेतस्थळ उघडून बघ.

वाचनालयाचा संगणक दुसरी माणसंही वापरतात, तेव्हा पासवर्ड जतन करू नकोस, उठण्यापूर्वी लॉगआउट कर, आणि उतरवून घेतलेले आधार, गुणपत्रिका, सही यांच्या फायली पुसून टाक. अर्जाची पावती छापून फायलीत लाव. राज्याच्या महास्वयम् आणि केंद्राच्या राष्ट्रीय करिअर सेवा या संकेतस्थळांवर नाव नोंदव, दोन्ही फुकट आहेत. खरगपूरच्या आयआयटीनं उभं केलेलं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही फुकट, तालुक्याला न मिळणारी पुस्तकं तिथं सापडतात.

अभ्यासाबद्दल थोडक्यात. आधी बालभारतीची पाचवी ते दहावीची पुस्तकं, मग राज्याची आर्थिक पाहणी, जी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या सुमारास निघते, आणि 'योजना', 'लोकराज्य' ही मासिकं. जाडजूड मार्गदर्शकं त्यानंतर. मूळ पुस्तक वाचलेलं असलं की मार्गदर्शकातल्या चुका कळतात, आणि चुका असतात.

पण सगळी बुद्धी सरकारी परीक्षांत घालू नकोस, हे मी तुला कळकळीनं सांगतो. आयुष्याची उमेदीची वर्षं अभ्यासिकेच्या एकाच खुर्चीत घालवलेली गुणी मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांनाही पाहिलंय. तू वाणिज्य शिकलेली आहेस. गावात सहकारी बँका आहेत, पतसंस्था आहेत, दूध संघ आहे, सीएंची कार्यालयं आहेत. सहकारी संस्थांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते आणि त्याआधी सभासदांना छापील अहवाल जातो. वाचनालयातही त्याची प्रत पुष्कळदा येऊन पडते, नाहीतर शेजारच्या काकांकडे असतेच. तो घे आणि ताळेबंद वाच. ठेवी गेल्या वर्षी किती होत्या, यंदा किती. कर्ज किती वाटलं, थकबाकी किती टक्के. शाखा किती, नवी कुठे काढणार आहेत. 'पुढील वर्षाचे संकल्प' या मथळ्याखाली मोबाइल बँकिंग किंवा संगणकीकरण असं काही लिहिलंय का. मग अर्ज लिही. "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे" हे सगळेच लिहितात. तू लिही, की आपल्या संस्थेच्या अहवालात वसुलीवर भर द्यायचं म्हटलंय, मी कॉलेजात टॅली शिकलेय, थकबाकीच्या याद्या संगणकावर तयार करू शकते. मुलाखतीला बसलेला अध्यक्ष खुर्चीत जरा पुढे सरकून ऐकेल. आपला अहवाल एका मुलीनं शेवटच्या पानापर्यंत वाचलाय, असं फार वेळा घडत नाही.

फसवणुकीचंही सांगायला हवं. नोकरीसाठी 'अनामत', 'युनिफॉर्मचे पैसे', 'फाइल पुढे सरकवायचे पैसे' असं कुणी मागितलं, तर तो माणूस कितीही ओळखीतला असो, तिथून उठायचं. हुबेहूब सरकारी दिसणारी संकेतस्थळं असतात. शंका आली तर जाहिरातीतल्या नंबरवर फोन करू नकोस, त्या कार्यालयाचा नंबर जिल्ह्याच्या सरकारी संकेतस्थळावरून काढ आणि तिथं विचार. परीक्षाशुल्क भरायचं ते फक्त अर्जाच्या संकेतस्थळावर, कुणाच्या खात्यावर नाही.

आणखी एक काम तुझ्यावर सोपवतो. हल्ली बऱ्याच परीक्षा संगणकावर होतात, प्रश्नपत्रिका हातात मिळत नाही. पेपर देऊन आलीस की त्याच संध्याकाळी आठवतील तेवढे प्रश्न लिहून काढ, पदाचं नाव आणि परीक्षेची तारीख घाल आणि ग्रंथपालांना देऊन वाचनालयाच्या फायलीत लावायला सांग. बरोबरच्या मुलींनाही लिहायला लाव. एकीला गणिताचे आठवतील, दुसरीला मराठी व्याकरणाचे. उत्तरं लिहायची गरज नाही, प्रश्न नीट लिहिले तरी पुष्कळ झालं.