कोंबड्यांस औषध लागू का पडत नाही?

कोंबडीपालक बंधुभगिनींच्या शेडला भेट दिली असता एक तक्रार वारंवार कानी पडते. "साहेब, औषध तेच, मात्रा तीच, पूर्वी दोन दिवसांत गुण येई, आता पाच दिवस पाजूनही मर थांबत नाही." औषध बनावट निघाले, असे पुष्कळांस वाटते. परंतु अनेकदा औषध चांगलेच असते. जंतू मात्र त्यास सरावलेले असतात.

जंतू औषधास कसे सरावतात?

कोंबडीच्या आतड्यात ई. कोलाय नावाचे जंतू नेहमीच असतात. शेडमधील हवा कोंदली, गादी ओली झाली किंवा दुसऱ्या रोगाने पक्षी अशक्त झाला, म्हणजे हे जंतू श्वासावाटे शरीरात शिरतात. असा मेलेला पक्षी उघडल्यास हृदयावर व यकृतावर पांढरट-पिवळसर पापुद्रा आढळतो.

अनुकूल परिस्थितीत सुमारे २० मिनिटांत एका जंतूचे दोन होतात. अशा कोट्यवधींत एखादा असा निपजतो की, त्यावर औषध चालत नाही. औषध पाजताच इतर मरतात, तो उरतो व त्याचीच संतती माजते. आपण बियाण्यासाठी निवडक कणसे राखतो. येथे औषधच चिवट जंतूंचे बियाणे राखते. बीटी कपाशीस सरावलेल्या गुलाबी बोंडअळीने सन २०१७ मध्ये विदर्भात केलेले नुकसान आपण पाहिलेच आहे. प्रकार तोच होय.

धोका शेडपुरता नाही

अमेरिकेत स्टुअर्ट लेव्ही यांनी एका शेतावरील कोंबड्यांस टेट्रासायक्लिन वर्गातील औषध मिसळलेले खाद्य दिले. सन १९७६ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका आठवड्यातच कोंबड्यांच्या आतड्यांतील बहुतेक जंतू त्या औषधास दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या शेतावरील माणसांतही असे जंतू वाढलेले आढळले. माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते.

कोलिस्टिन हे माणसाच्या गंभीर आजारात, इतर औषधे निरुपयोगी ठरल्यावर वापरावयाचे औषध आहे. त्यास न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो, असे सन २०१५ मध्ये चीनमध्ये दिसून आले. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये कोंबड्या व इतर खाद्योपयोगी प्राण्यांसाठी कोलिस्टिनच्या वापरास बंदी केली.

काय करावे?

१. निरोगी पक्ष्यांस वाढीसाठी वा 'खबरदारी' म्हणून प्रतिजैविक औषध देऊ नये. करार पद्धतीने पक्षी पाळत असल्यास खाद्याच्या पोत्यावरील व औषधाच्या बाटलीवरील नावे वाचून वहीत टिपावीत.

२. राणीखेत व गंबोरो हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. लस वेळेवर द्यावी. पाण्यातून लस देताना त्या पाण्यात ब्लीचिंग पावडर नसावी.

३. भाताच्या तुसाची गादी रोज हलवावी व ओला भाग काढून टाकावा. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरले, तर हवा खेळती नाही असे समजावे. पाण्याची टाकी व नळ्या प्रत्येक बॅचनंतर धुवाव्यात.

४. मर वाढल्यास औषध सुरू करण्यापूर्वी नुकताच मेलेला पक्षी बर्फात ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. कोणत्या औषधाने जंतू मरतात, याची चाचणी प्रयोगशाळेत होते. पुण्यास औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे.

५. पशुवैद्यांनी सांगितलेली मात्रा पूर्ण दिवस द्यावी. गुण दिसला म्हणून मध्येच थांबू नये, नाही दिसला म्हणून स्वतःच दुसरे औषध मिसळू नये.

६. औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंतचे दिवस लेबलावर पाहावेत. ते ठरवून दिलेले नसल्यास नियमाप्रमाणे अंड्यांसाठी किमान ७ व मांसासाठी किमान २८ दिवस सोडावे लागतात. सुमारे ४० दिवसांत विकावयाच्या पक्ष्यांत उशिरा औषध देणे किती अवघड आहे, हे यावरून ध्यानी येईल.

७. शेडमधून आल्यावर हात साबणाने धुवावेत. ताजे खत भाजीपाल्यास न घालता कुजवून घालावे. मांस पूर्ण शिजविल्यास हे जंतू मरतात; म्हणून ग्राहकाने घाबरण्याचे कारण नाही.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रत्येक शेडमध्ये औषधांची वही ठेवविण्याचा आग्रह धरावा. कोंबडी मेली तर एका बॅचचे नुकसान होते, ते पुढील बॅचमध्ये भरून निघते. परंतु घरातील लेकराच्या आजारात औषध निकामी ठरले, तर ते नुकसान कशानेही भरून निघावयाचे नाही.