पाण्याच्या टाकीतील विमान

लोखंडी तारेचा एक तुकडा घ्या. हातांनी ओढून तो तुटणार नाही. पण एकाच जागी तो पुढेमागे वाकवत राहा. काही वेळाने तो कटकन तुटेल. एका वेळच्या बलाने जे झाले नाही, ते पुनःपुन्हा लावलेल्या बलाने झाले. याला धातूचा शिणवटा म्हणतात. या शिणवट्यानेच १९५४ साली दोन विमानांचा घात केला.

कॉमेट हे प्रवाशांची नियमित वाहतूक करणारे जगातील पहिले जेट विमान. मे १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये त्याची सेवा सुरू झाली. १० जानेवारी १९५४ रोजी एक कॉमेट भूमध्य समुद्रातील एल्बा बेटाजवळ आकाशातच फुटले व ३५ जण मृत्युमुखी पडले. ८ एप्रिलला दुसरे कॉमेट नेपल्सजवळ समुद्रात कोसळले. त्यात २१ जण गेले. कारण शोधण्याचे काम फार्नबरो येथील 'रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट' या सरकारी संशोधन संस्थेकडे आले. आर्नल्ड हॉल हे तिचे संचालक होते.

कॉमेट सुमारे १२ किलोमीटर उंचीवरून उडत असे. तेथे हवेचा दाब जमिनीवरील दाबाच्या सुमारे एकपंचमांश असतो. प्रवाशांना श्वास घेता यावा म्हणून विमानाच्या आत जास्त दाब राखावा लागतो. कॉमेटमध्ये आतील व बाहेरील दाबांतील फरक सुमारे ५७,००० पास्कल होता. आता गणित करा. खिडकी ३० सेंमी × ४० सेंमी मापाची धरली, तर तिचे क्षेत्रफळ ०.१२ चौरस मीटर.

बल = दाब × क्षेत्रफळ = ५७,००० × ०.१२ = ६,८४० न्यूटन

म्हणजे जवळजवळ ७०० किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन! प्रत्येक उड्डाणात हे बल एकदा लागे आणि उतरताना नाहीसे होई, अगदी तारेसारखेच.

संशोधकांनी वापरातले एक कॉमेट आणून त्याचा मुख्य सांगाडा मोठ्या टाकीत बसवला. आत आणि बाहेर पाणी भरले व आतील पाण्याचा दाब वाढवून पुन्हा कमी केला. असे एक आवर्तन म्हणजे एक उड्डाण. टाकीबाहेर राहिलेले पंखही यंत्रांनी वरखाली वाकवले जात. हवेऐवजी पाणी का? दाबलेल्या हवेत खूप ऊर्जा साठते. सांगाडा फुटला तर बाँबसारखा स्फोट होईल आणि पुरावा नष्ट होईल. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. चीर पडताच त्याचा दाब उतरतो आणि चीर जिथल्या तिथे पाहता येते.

त्या विमानाची सुमारे १,२३० उड्डाणे आधीच झाली होती. टाकीत आणखी सुमारे १,८३० आवर्तनांनंतर, जूनमध्ये, सांगाडा फाटला. चीर एका खिडकीच्या कोपऱ्याशी सुरू झाली होती. सपाट पत्र्यात बल सारखे पसरते. छिद्राच्या कोपऱ्याशी मात्र ते एकवटते. समुद्रातून काढलेल्या एल्बाजवळच्या विमानाच्या अवशेषांतही छताच्या पत्र्यात, एका झरोक्याच्या कोपऱ्याशी, तशीच शिणवट्याची खूण सापडली.

मग विमान बनवणाऱ्यांनी चाचणी घेतलीच नव्हती का? घेतली होती. त्यांचा नमुना हजारो आवर्तने टिकला होता. पण त्याच नमुन्याला आधी नेहमीपेक्षा खूप जास्त दाब दिलेला होता. त्यामुळे कोपऱ्याजवळचा धातू किंचित ताणला जाऊन तेथे शिणवट्याला जास्त टिकाव धरू लागला. प्रवाशांच्या विमानांना तो लाभ मिळाला नव्हता. प्रयोग खरा होता, पण नमुना प्रत्यक्षातल्या विमानासारखा नव्हता. प्रयोगशाळेत काम करताना हा धडा विसरू नका.

पुढे सुधारलेल्या कॉमेटने १९५८ साली अटलांटिक महासागरावरून प्रवासी सेवा सुरू केली. आपल्याकडेही, १९५९ साली स्थापन झालेल्या आणि बंगळूर येथे असलेल्या 'नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीज' या संस्थेत विमानांच्या शिणवट्याच्या चाचण्या होतात.

करून पाहा : कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या कडेला कात्रीने बारीक चीर द्या, दुसरीच्या कडेला तेवढ्याच खोलीची अर्धगोल खाच कापा. दोन्ही ओढा. कोणती आधी फाटते? का?