मळी, मद्यार्क आणि फळांची जिन

टनभर उसामागे साधारण ४० ते ४५ किलो मळी निघते. तिच्या मद्यार्कातून वास-चव पार काढली, की जिनचा पाया तयार. त्याला ज्युनिपरच्या फळांचा, म्हणजे आयुर्वेदातल्या हपुषेच्या जातीचा, स्वाद देतात.

इंग्लंडात २०१७ साली गॉर्डन्सने स्ट्रॉबेरी-रासबेरीची गुलाबी जिन काढली, ती धडाक्यात खपली. तिथला कायदा मात्र सांगतो, मद्यार्क किमान ३७.५ टक्के हवा आणि चव मुख्यतः ज्युनिपरचीच. नुसती स्ट्रॉबेरीच लागली, तर तिला जिन कशाला म्हणायचं?

आपल्या कामाची गोष्ट वेगळीच. मद्यार्कात मळीचा वास राहिला, तर कुठलंही फळ तो झाकत नाही. असा माल पेयाला चालत नाही, रसायनांच्या कारखान्याकडे कमी भावात जातो.