उधन्याची वाट आणि संशोधनाची उमेदवारी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ‘संशोधन’ हा शब्द जरा परकाच वाटतो. ते काम प्रयोगशाळेतल्यांचे किंवा परदेशी जाणाऱ्यांचे, अशी आपली समजूत असते. परंतु परदेशातील अभ्यासक आपल्याच लोकांत येऊन, आपल्याच माणसांच्या मदतीने शिकतो, अशीही उदाहरणे आहेत. त्यांपैकी एकाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

सुरत शहरातील उधना हा यंत्रमागांचा आणि कारखान्यांचा भाग. येथूनच तापी खोऱ्याचा लोहमार्ग फुटतो आणि बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर असा जळगावला पोहोचतो. या वाटेने खानदेशातील हजारो कुटुंबे पोटासाठी सुरतेकडे आली. म्हणूनच उधना-लिंबायत भागात गुजरातीबरोबर मराठी आणि अहिराणीही कानी पडते.

याच दक्षिण गुजरातेत १९६० च्या दशकाच्या आरंभी यान ब्रेमन नावाचा पंचविशीतला डच तरुण आला. जन्म १९३६ चा, शिक्षण ॲम्स्टरडॅमचे. जमीनदार अनाविल ब्राह्मण आणि त्यांच्याकडे राबणारे दुबळा, म्हणजेच हळपती, शेतमजूर यांचे संबंध हा त्याचा विषय. लग्नासाठी मालकाकडून कर्ज घ्यावे आणि पुढे जन्मभर त्याच्याच शेतावर राबावे, अशी ती ‘हाली’ पद्धत. या अभ्यासाचे इंग्रजी पुस्तक १९७४ साली निघाले. पण ब्रेमन तेवढ्यावर थांबले नाहीत. त्याच गावांत ते पुनःपुन्हा येत राहिले आणि सुमारे अर्धशतकाच्या निरीक्षणांवरचे त्यांचे पुस्तक २००७ साली प्रसिद्ध झाले. पहिला धडा हाच. एका फेरीत माहिती मिळते, पण बदल समजायला पुन्हा जावे लागते. ताळेबंद एका दिवसाची स्थिती दाखवतो. व्यवहार कोणत्या दिशेने चालला आहे हे कळण्यासाठी अनेक वर्षांचे ताळेबंद शेजारी मांडावे लागतात.

परका माणूस एकटा फारसे काही करू शकत नाही. समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई यांनी १९६९ साली सुरतेत सामाजिक अभ्यासाचे केंद्र सुरू केले. आज ते उधना-मगदल्ला रस्त्यावर, विद्यापीठाच्या आवारात आहे. डच आणि भारतीय अभ्यासकांची या परिसरात जी देवघेव झाली, तिला अशा स्थानिक संस्थेचा आधार होता. १९९४ च्या सुरतेतील प्लेगचा अभ्यास करणारे घनश्याम शाह याच परंपरेतले. ब्रेमन यांच्या गौरवार्थ २००२ साली निघालेल्या ग्रंथाचे संपादन शाह यांनी दोन डच अभ्यासकांसह केले आणि २०२२ साली शाह व ब्रेमन या दोघांच्या नावे एक पुस्तक आले. दुसरा धडा असा की, सहकार्य म्हणजे एकाने प्रश्न काढायचे आणि दुसऱ्याने घरोघर हिंडायचे, असे नव्हे. प्रश्न ठरवण्यात आणि निष्कर्षाखाली सही करण्यातही दोघांचा वाटा हवा.

आता आपल्याला अधिक जवळचा भाग. १९७८ साली ब्रेमन यांनी बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांच्या ऊसतोडणी मजुरांवर दीर्घ लेख लिहिला. हे मजूर प्रामुख्याने खानदेशातले. त्यांच्या हिशोबाचे एकक होते ‘कोयता’. आपल्या लेखी कोयता म्हणजे हत्यार. पण मुकादमाच्या वहीत कोयता म्हणजे बहुधा नवराबायकोची जोडी, आणि कधी हाताशी मूलही. पावसाळ्यात मुकादमाकडून उचल घ्यायची, हंगामात धान्यावर आणि थोड्या रकमेवर दिवस काढायचे, आणि अखेरीस सगळे वजा होऊन उरेल ते घेऊन गावी परतायचे.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात मजुरी ही श्रमाची किंमत असते. येथे मात्र मजुरी, कर्ज आणि अन्न एकाच खात्यात मिसळलेले आहेत. शिवाय कोयत्याचे मोल ठरते तेव्हा बाईची मजुरी वेगळी लिहिलीच जात नाही. माहिती गोळा करणाऱ्याच्या छापील तक्त्यात ‘दरडोई रोजची मजुरी’ असा एकच रकाना असेल, तर तो भरला जाईल. पण त्यातला आकडा खरा नसेल.

गेल्या सुट्टीत उधन्याला मामांकडे गेलो असताना मला याचा अनुभव आला. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्या अमळनेरकडच्या एका कामगाराला मी विचारले, “काका, महिन्याचा पगार किती?” ते हसून म्हणाले, “पगार कसला, मीटर विचार.” दर मीटरमागे, वीज गेली तर मीटर नाही आणि मीटर नाही तर पैसे नाहीत. माझा प्रश्नच चुकीचा होता. तो दुरुस्त केला त्या काकांनी, कोणत्याही पाठ्यपुस्तकाने नव्हे.

तिसरा धडा भाषेचा आहे. तोडणीच्या फडात अहिराणी बोलणारा मजूर आणि परप्रांतीय अभ्यासक यांच्यामध्ये सर्वांत सोयीचा दुभाषा कोण? मुकादम! त्याला दोन्हीकडचे बोलणे येते. पण तो स्वतःच व्यवहारातला पक्ष आहे. रोखपालाकडूनच रोकड तपासून घेणारा हिशोबतपासनीस आपण मान्य करू का? मग मुकादमाच्या तोंडून मजुराची कैफियत ऐकणे तरी कसे मान्य करावे? म्हणूनच कोणाच्याही बाजूचा नसलेला, दोन भाषा जाणणारा विद्यार्थी हा अशा संशोधनाचा कणा असतो. ही पात्रता आपल्यापैकी अनेकांकडे जन्मतःच आहे. तिची किंमत मात्र आपल्याला ठाऊक नाही.

एक उणीव नमूद केली पाहिजे. असे बहुतेक लेखन इंग्रजीत होते. ज्याच्या घामाचा हिशोब त्यात मांडलेला असतो, त्याला तो वाचता येत नाही. माहिती ज्या भाषेत मागितली, त्या भाषेत तिचे सार परत देणे, हे ऋण फेडल्याशिवाय संशोधन पुरे झाले असे मला वाटत नाही.

विद्यार्थी मित्रहो, महाराष्ट्रातून ऊसतोडणीच्या टोळ्या कर्नाटकातील कारखान्यांवरही येतात. मजूर मराठी, शेतकरी कन्नड, आणि आपल्या अंकाचेही मराठी व कन्नड असे दोन विभाग! मग दोन्ही भाषांच्या विद्यार्थ्यांनी जोडीने एका फडावर जावे, कोयत्याचा हिशोब स्त्रीपुरुषांचा वेगवेगळा मांडून पाहावा, आणि तो दोन्ही विभागांत छापून मजुरांना वाचून दाखवावा. प्राध्यापकांनी मार्गदर्शन केले तर यंदाच्या हंगामातच हे शक्य आहे. परक्या देशातील विद्वानांबरोबर काम करण्याची संधी पुढे मिळेल तेव्हा मिळेल. शेजारच्या बाकावरील मित्राबरोबर तिची उमेदवारी आजच सुरू करता येईल.