यंत्राचे हात आणि शल्यचिकित्सकाचा निर्णय

‘रोबोट’ किंवा यंत्रमानव म्हटले, की माणसाच्या आकाराचे, आपल्याच बुद्धीने चालणारे एखादे यंत्र डोळ्यांपुढे उभे राहते. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून हा शब्द जगभर गेला. चेक भाषेत त्याचे मूळ वेठीच्या कामाशी निगडित आहे. प्रोस्टेट ग्रंथीची शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने करावी, असे डॉक्टरांनी सुचविताच रुग्णाच्या घरची मंडळी साहजिकच विचारतात, “आमचा माणूस यंत्राच्या हवाली करावयाचा काय?” वस्तुतः हे यंत्र आपल्या शब्दाच्या मूळ अर्थालाच जागते. ते हुकमाचे ताबेदार आहे. शल्यचिकित्सकाचा हात हलल्याशिवाय ते एक टाकाही घालीत नाही.

ग्रंथीचे स्थान

प्रोस्टेट ग्रंथी केवळ पुरुषांना असते. सुमारे अक्रोडाएवढी ही ग्रंथी मूत्राशयाच्या खाली आणि गुदाशयाच्या पुढे असते व मूत्रमार्ग तिच्यामधून आरपार जातो. वीर्यातील द्रवाचा काही अंश तिच्यात तयार होतो. उतारवयात ती बहुधा वाढते. मग लघवीची धार बारीक होते, रात्री पुनःपुन्हा उठावे लागते. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. पुष्कळांना औषधांनी आराम पडतो. न पडल्यास मूत्रमार्गातून दुर्बीण घालून वाढलेला भाग तेवढा काढता येतो.

संपूर्ण ग्रंथी काढण्याचा प्रश्न मुख्यतः कर्करोगात उद्भवतो, आणि तोही रोग ग्रंथीपुरता किंवा तिच्या लगतच्या भागापुरता असताना. प्रारंभी या रोगाचे कोणतेही लक्षण जाणवत नाही, असे अनेकदा घडते. रक्तातील ‘पीएसए’ या द्रव्याचे प्रमाण पाहून संशय येतो. परंतु निदान पक्के होते ते ग्रंथीचे बारीक तुकडे सुईने काढून तपासल्यावरच.

अडचण कोठे होती?

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९०४ साली कर्करोगासाठी संपूर्ण ग्रंथी काढण्याची शस्त्रक्रिया केली. तथापि ही जागा ओटीपोटाच्या तळाशी, हाडाच्या आड, फार अरुंद आहे. पुढील बाजूस शिरांचे जाळे असल्याने रक्तस्राव होई. लघवी रोखून धरणारा स्नायू ग्रंथीच्या अगदी खाली असतो, आणि लिंगाच्या ताठरतेशी संबंध असलेल्या धाग्यासारख्या नसा तिच्या दोन्ही अंगांना चिकटून जातात. रोग गेला तरी लघवीवरचा ताबा व वैवाहिक सुख गेले, अशी अवस्था अनेक रुग्णांच्या वाट्यास येई.

बाल्टिमोरचेच पॅट्रिक वॉल्श यांनी हॉलंडमधील पीटर डोंकर यांच्यासह १९८१ साली या नसांचा नेमका मार्ग शोधला व १९८२ साली त्या राखून ग्रंथी काढून दाखविली. आता गरज होती ती त्या खोल जागी स्पष्ट दिसण्याची आणि तेथे हात नीट वळण्याची. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने पोट उघडणे टळले. परंतु तिची लांब, सरळ उपकरणे मनगटासारखी वळत नसत आणि पडद्यावरील चित्र बहुधा सपाट दिसे.

ही उणीव रोबोटने भरून काढली. अमेरिकन शासनाच्या औषध नियंत्रण यंत्रणेने ‘दा विंची’ या यंत्रास २००० साली मान्यता दिली. त्याच वर्षी जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे त्याच्या साहाय्याने प्रोस्टेट ग्रंथी काढण्यात आली. या शस्त्रक्रियेला रोजच्या कामाचे पद्धतशीर स्वरूप दिले ते डेट्रॉइट येथील डॉ. मणी मेनन यांनी. ते जन्माने भारतीय असून त्यांचे वैद्यकीय शिक्षण पाँडिचेरीस झाले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत २००६ साली मूत्ररोगांसाठी ही पद्धती सुरू झाली.

यंत्राची रचना

या यंत्राचे तीन भाग असतात. पहिला भाग म्हणजे शल्यचिकित्सकाची बैठक. ती त्याच खोलीत, रुग्णापासून काही अंतरावर असते. तेथे बसून तो दोन भिंगांतून पोटाच्या आतील दृश्य खोलीसह आणि सुमारे दहापट मोठे पाहतो. दुसरा भाग रुग्णाशेजारचा. त्याला चार यांत्रिक हात असून एका हातात कॅमेरा आणि इतरांत कात्री, चिमटा, सुई धरण्याचे साधन अशी उपकरणे असतात. चित्र आणि प्रकाश पुरविणारी सामग्री हा तिसरा भाग.

शल्यचिकित्सकाची बोटे मुठींमध्ये जशी हलतील, तशी आतील उपकरणांची टोके हलतात. हाताची हालचाल तिप्पट मोठी आणि उपकरणाची त्याच्या एक-तृतीयांश, असे प्रमाण ठरविता येते. हाताचा सूक्ष्म कंप यंत्र गाळून टाकते. शल्यचिकित्सकाने डोळे भिंगांवरून काढताच उपकरणे जागच्या जागी थांबतात.

शस्त्रक्रियेचा क्रम

रुग्णास संपूर्ण भूल देऊन डोक्याची बाजू खाली उतरती ठेवतात, म्हणजे आतडी वर सरकून ओटीपोट मोकळे होते. पोटावर पाच-सहा लहान छिद्रे घेऊन कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्यामुळे जागा तर मिळतेच, शिवाय वायूच्या दाबाने शिरांतील रक्तस्रावही कमी होतो. दुसरा डॉक्टर रुग्णाजवळ उभा राहून उपकरणे बदलणे व रक्त शोषून घेणे ही कामे करतो.

प्रथम ग्रंथी मूत्राशयापासून सोडवितात. मग तिच्यामागील वीर्याच्या पिशव्या मोकळ्या करून वीर्यवाहक नलिका कापतात. रोग नसांपर्यंत पोहोचला नसेल, तर त्या अलगद बाजूला सारतात. अखेर मूत्रमार्ग कापून ग्रंथी व पिशव्या एका पिशवीत भरून बाहेर काढतात. मूत्राशयाचे तोंड आणि उरलेला मूत्रमार्ग टाक्यांनी जोडणे, हा सर्वांत नाजूक टप्पा होय. जोड भरून येईपर्यंत, साधारणतः एक आठवडा ते दहा दिवस, लघवीसाठी नळी ठेवतात. काढलेल्या ग्रंथीची तपासणी होते आणि काही आठवड्यांनी ‘पीएसए’ पाहतात. ग्रंथीच नाहीशी झाल्याने ते जवळजवळ शून्यावर यावयास हवे.

लाभ व मर्यादा

रक्तस्राव कमी होणे आणि रुग्णालयातून लवकर घरी जाता येणे, हे या पद्धतीचे उघड लाभ आहेत. परंतु त्यापुढील अपेक्षा तोलून पाहिल्या पाहिजेत. ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथे ३२६ पुरुषांना चिठ्ठ्यांच्या पद्धतीने दोन गटांत विभागून उघडी आणि रोबोटची शस्त्रक्रिया यांची तुलना करण्यात आली. २०१६ आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लघवीवरील ताबा व लैंगिक क्षमता या बाबतींत दोन वर्षांनंतरही दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. म्हणजे यंत्रापेक्षा ते चालविणाऱ्याचा अनुभव अधिक मोलाचा. शिवाय हे यंत्र महाग असल्याने खर्चही वाढतो.

नळी काढल्यावर काही आठवडे वा महिने लघवी नकळत गळणे, ही सर्वसामान्य गोष्ट आहे. ओटीपोटाच्या स्नायूंच्या व्यायामाने ती बहुतेकांची कमी होते. काहींची मात्र कायम राहते. नसा राखल्या तरी ताठरता परत यावयास एक-दोन वर्षे लागू शकतात, आणि ती येईलच असे नाही. वीर्यस्खलन मात्र कायमचे थांबते. ही माहिती पती-पत्नी दोघांनाही आधी मिळाली पाहिजे. संकोचापायी ती विचारली जात नाही आणि नंतर मनस्ताप होतो.

निर्णयापूर्वी

ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरता कर्करोग असलेल्या १,६४३ पुरुषांपैकी काहींची शस्त्रक्रिया केली, काहींना किरणोपचार दिले आणि काहींना केवळ नियमित देखरेखीखाली ठेवले. सुमारे पंधरा वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. या रोगाने दगावलेल्यांचे प्रमाण तिन्ही गटांत तीन टक्क्यांच्या आसपासच होते. देखरेखीच्या गटात रोग शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट होते व पुढे त्यांतील निम्म्याहून अधिकांना उपचार घ्यावेच लागले, हेही खरे. सौम्य रोगात विचार करावयास अवधी असतो, एवढा बोध त्यातून घ्यावा. उग्र रोगात मात्र विलंब परवडत नाही.

म्हणून यंत्र कोणते, हे विचारण्याआधी रोग सौम्य की उग्र, शस्त्रक्रिया आवश्यक आहे काय, नसा राखता येतील काय आणि या डॉक्टरांनी अशा किती शस्त्रक्रिया केल्या आहेत, हे विचारावे. तसे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. तो रुग्णाचा हक्क आहे. आणि रात्री चार वेळा उठणाऱ्या वडीलधाऱ्याने ‘वयोमानाने व्हायचेच’ म्हणून गप्प न राहता ते घरात बोलून दाखवावे व डॉक्टरांची भेट घ्यावी. पुष्कळदा तपासणीअंती ती साधी वाढच निघते.