वेबसाइट नवी करायची? आधी माप द्या!

ताईंनो,

ब्लाउज शिवायला टाकताना आपण "छान शिव" एवढंच सांगून येत नाही. मापाचा जुना ब्लाउज नेतो, कुठे काचतो, कुठे सैल होतो ते दाखवतो. संघाची वेबसाइट नव्याने करून घेतानाही असंच माप द्यावं लागतं. मागच्या वेळी मी टीमला फक्त "आकर्षक बनवा" म्हणाले. सरकते फोटो आले, पण नाचणीच्या पापडाचा दर आणि ऑर्डरचा नंबर काही सापडेना. चूक माझी, पैसा मात्र संघाचा गेला.

म्हणून या वेळी टीमला द्यायचा कागद आपण बैठकीत बसून लिहू. त्यात एवढं हवं :

१. जुन्यात काय अडतं? "साइट नीट चालत नाही" असं मोघम नको. "मोबाईलवर पापडाचा दर दिसत नाही" असं नेमकं लिहा.

२. कोणाला काय करता यावं? मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणारा पर्यटक असो की पुण्याचा दुकानदार, त्याला दर, वजन आणि शिल्लक माल पहिल्याच पानावर दिसावा. तिथूनच व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर देता यावी.

३. रेंज. बामणोलीकडच्या ताईंनाही साइट उघडायला हवी. फोटो हलके ठेवायला सांगा.

४. मराठी. मजकूर युनिकोडमध्येच द्या. छपाईच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या फोनवर नुसती चिन्हं होऊन दिसतो. मोबाईलच्या मराठी कीबोर्डवर टाइप केलं की ते युनिकोडच असतं.

५. माहिती आपण द्यायची. मालाचा फोटो, वजन, दर, खाद्यपदार्थ असेल तर एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर.

६. काय टाकायचं नाही? आधार, पासबुक, कोणाचं किती कर्ज, ताईंचे घरचे नंबर. ऑर्डरसाठी संघाचा एकच नंबर.

७. मालकी. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, संघाच्याच नावावर हवं. पासवर्ड संघाकडे हवा. दर कोण बदलणार आणि डोमेनची फी मुदतीआधी कोण भरणार, तेही लिहा.

यादी झाली की "गरजेचं" आणि "हौसेचं" असे दोन भाग करा. पैसे कमी पडले तर हौस मागे ठेवता येते. नमुना म्हणून उमेदमार्टवर एखादी वस्तू उघडून तिची माहिती कशी मांडली आहे ते बघा.

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी, ज्या ताईने साइट कधी पाहिलेली नाही तिच्या हातात फोन द्या. कोणाला न विचारता तिला ऑर्डर टाकता आली, तरच काम झालं समजा.

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक अडचण आणि एक गरज घेऊन यावं. लिहिता येत नसेल तर नुसतं सांगा, मी लिहून घेते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक, मेढा