घर चालू, गाडी बंद

मिशिगनमधला लांबलचक हिवाळा संपला की जुन्या मोटरहोमची खरी परीक्षा सुरू होते. आमची गाडी १९९४ची, फोर्डच्या ई-३५० चासीवर बांधलेली, साडेसात लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन. रुसलेल्या गाडीशी कसं वागावं, हे तिनेच शिकवलं.

१. बॅटऱ्या दोन असतात.
आत दिवे लख्ख, पाण्याचा पंप चालू, आणि सेल्फ मात्र हूं की चूं करत नाही. घराची बॅटरी वेगळी, इंजिनची वेगळी. अंगणातल्या प्लगला गाडी महिनोन्महिने जोडून ठेवली, तरी कित्येक जुन्या मॉडेलांत चार्ज होते ती फक्त घराची. इंजिनची बॅटरी रेडिओची मेमरी वगैरे सांभाळत हळूहळू उतरत जाते. डॅशबोर्डवर ‘ऑक्स स्टार्ट’ किंवा ‘इमर्जन्सी स्टार्ट’ असं बटण असेल, तर ते दाबून धरून चावी फिरवा. दोन्ही बॅटऱ्या तेवढ्यापुरत्या एकत्र येतात. इंजिन सुरू झालं, तर संशय कुणावर घ्यायचा तेही कळतं.

२. पाना उचलण्याआधी कान द्या.
भराभर टकटक आली, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल ढिलं आहे. एकच ठसठशीत ‘टक’ येऊन सगळं थांबलं, तर सेल्फ, त्याचा सोलेनॉइड किंवा जाड केबल बघा. काहीच आवाज नाही, तर रिले, इग्निशन स्विच किंवा गिअरचा न्यूट्रल स्विच. इंजिन जोमात फिरतंय पण पकडत नाही, तर बॅटरीचा नाद सोडा. पेट्रोल आणि स्पार्ककडे वळा.

३. अंदाज नको, मीटर लावा.
साधा मल्टिमीटर पुरतो. काही तास शांत बसलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवत असेल तर भरलेली, १२.२ला साधारण अर्धी, १२च्या खाली गेली की आधी चार्जिंग, बाकीचं नंतर. पूर्ण चार्ज करूनही सेल्फ मारताना काटा ९.६च्या खाली कोसळत असेल, तर ती बॅटरी बदला. कडाक्याच्या थंडीत चांगल्या बॅटरीचाही जोर बराच कमी होतो, हेही धरून चाला.

४. चकचकीत टर्मिनलवर भाळू नका.
एका वसंतात बॅटरी ठणठणीत होती, टर्मिनलही ब्रशने घासलेली, तरी सेल्फ कण्हतच होता. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर धरून बायकोला चावी फिरवायला सांगितलं. तिथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. मीटरने दोनच्या आसपास दाखवले. केबलचं काळं आवरण चिरलं, तर आत तांब्याच्या तारांची हिरवट भुकटी झालेली. बाहेरून मात्र ओरखडासुद्धा नव्हता. अर्थिंगची केबलही अशीच तपासावी: इंजिनच्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत. जुन्या गाडीत चासी आणि इंजिन जोडणारी पट्टी गंजून गेलेली असणं नवलाचं नाही.

५. धक्का मारायला माणसं गोळा करू नका.
आपल्याकडची ती सवय इथे उपयोगाची नाही. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आहे. त्याऐवजी पाय ब्रेकवर दाबून ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये टाका आणि चावी फिरवा. पार्कमध्ये मुकी असलेली गाडी न्यूट्रलमध्ये सुरू झाली, तर दोष न्यूट्रल स्विचचा किंवा त्याच्या सेटिंगचा. कित्येकदा काखेत कळसा असतो तो इथेच.

६. पेट्रोलची वाट टाकीपासून तपासा.
चावी ‘ऑन’ केल्यावर टाकीतल्या पंपाची एक-दोन सेकंद गुणगुण ऐकू यायला हवी. नाही आली, तर फ्यूज आणि रिले बघा. फोर्डमध्ये आणखी एक गोम आहे: जोराचा हादरा बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच. ई-३५०मध्ये तो शेजारच्या सीटच्या पायाशी असतो. वर आलेलं बटण दाबलं की काम होतं, पण आधी कुठे पेट्रोलचा वास नाही ना, याची खात्री करा. इथल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढतं, आणि पेट्रोल साठून राहिलं की शिळंही होतं. म्हणून हिवाळ्याआधी टाकी भरून त्यात स्टॅबिलायझर घालावा आणि ते मिश्रण कार्ब्युरेटर किंवा इंजेक्टरपर्यंत पोचेल इतकं इंजिन चालवावं.

७. सेल्फ रगडू नका.
एका वेळी दहा सेकंद पुरे, मग मिनिट-दोन मिनिटं विश्रांती. जंप केबल लावताना शेवटचा काळा चिमटा बॅटरीवर नको, तिच्यापासून दूर इंजिनच्या उघड्या धातूवर लावा. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि त्याला एक ठिणगी पुरते.

८. मेकॅनिककडे माहिती घेऊन जा.
१९९६पासूनच्या बहुतेक गाड्यांना साधा स्कॅनर लागतो. त्याआधीच्यांचे कोड वाचायची पद्धत निराळी, आणि एवढी उंच गाडी आत घेणारं गॅरेजही सहज मिळत नाही. मेकॅनिक तासावर पैसे लावतो. ‘गाडी सुरू होत नाही’ एवढंच सांगितलं, तर शोधाशोधीचे तासही बिलात येतात. ‘एकच टक येते, बॅटरी साडेबारा, पॉझिटिव्ह केबलवर दोन व्होल्टची घट’ असं लिहून दिलं, तर तो थेट केबल बदलायला घेतो.